आईला तुळशीबागेत यायचं नाहीये

ताई, नमस्कार.

माझं वय ४९, राहायला बाणेरला. बालपण सगळं सदाशिव पेठेतल्या वाड्यात गेलं, शाळा हुजूरपागा. त्यामुळे लक्ष्मी रोड, तुळशीबाग आणि मंडई हेच माझं अंगण होतं. शनिवारी संध्याकाळी आईचा हात धरून निघायचं. तुळशीबागेत रामाला नमस्कार, मग बांगड्या, रिबिनी, भातुकलीतलं एखादं भांडं, कावरेंचं आइस्क्रीम आणि शेवटी मंडई. अजूनही डोळे मिटले की उदबत्ती, ओली पालेभाजी आणि नव्या पितळेचा वास येतो.

बाबा चार वर्षांपूर्वी गेले. वाडा बिल्डरला दिला, तो पाडून झालाय, काम चालू आहे. आई दोन वर्षांपासून आमच्याकडे असते. या महिन्यात तिला पंचाहत्तर पूर्ण झाली. मी ठरवलं होतं, आईला आणि माझ्या चौदा वर्षांच्या लेकीला घेऊन तुळशीबागेत जायचं. श्रीकृष्ण भुवनची मिसळ, कावरे, सगळं पहिल्यासारखं. आई म्हणाली, ‘मला नाही यायचं. आयुष्यभर पिशव्या वाहिल्यात तिथून. आणि मंडई काय, आर्यन थिएटर गेलं तेव्हाच गेली.’ मला वाटलं, पाय दुखत असतील. मग लेकीलाच घेऊन गेले. ती सगळा वेळ मोबाइलमध्ये. म्हणाली, ‘आई, यातलं सगळं ऑनलाइन मिळतं.’ आमच्या बांगडीवाल्याच्या दुकानात आता मोबाइलची कव्हरं मिळतात. ते बघून मला भर रस्त्यात रडू आलं. लेक लाजून लांब जाऊन उभी राहिली. नुसते फोटो काढून परत आलो. यजमान म्हणतात, तू भूतकाळात राहतेस.

माझं काही चुकतंय का? आईला कसं समजावू? आणि लेकीपर्यंत हे सगळं कसं पोहोचवू?

– पेठेतली, पण बाणेरची

नमस्कार.

रस्त्यात रडलात, त्यात काहीही बिघडलेलं नाही. तुळशीबागेच्या गर्दीत पोरं हरवतात, पाकिटं मारली जातात, नणंदा-भावजया साडीच्या रंगावरून भांडतात. तिथे एका बाईच्या डोळ्यांत पाणी आलं तर कुणी मान वळवूनही बघत नाही. लेक लाजली, कारण ती चौदा वर्षांची आहे. त्या वयात आई जरा मोठ्याने शिंकली तरी लाज वाटते. यजमानांचं मागाहून बघू.

मी थांबले ती तुमच्या आईच्या वाक्यांपाशी. तुम्ही ती जशीच्या तशी लिहिलीत, त्यापुढे ‘पाय दुखत असतील’ असं जोडलंत आणि पुढे गेलात. पायही दुखत असतील. पण एवढं स्पष्ट उत्तर दिलेल्या बाईला समजावायचं काय? त्या बाजाराची तिला तुमच्यापेक्षा कितीतरी जास्त माहिती आहे. तुम्ही तिथे जायचात, ती तिथे काम करायला जायची.

ती शनिवारची फेरी एकदा तिच्या बाजूने करून बघा. तुमच्या पत्रात फेरी रामाच्या देवळापासून सुरू होते. तिची दुपारीच सुरू झालेली असणार. डबे उघडून काय संपलंय ते बघायचं, यादी करायची, पैसे मोजायचे, त्यातले थोडे बाजूला काढून ठेवायचे. ऐंशीच्या दशकातलं पेठेतलं नोकरदार घर पहिल्या आठवड्यात मोकळ्या हाताने चालायचं आणि शेवटच्या आठवड्यात आमटी पातळ व्हायची. साखर, पामतेल रेशनवर. गॅसचा नंबर लागायला वर्षं जायची, तोवर रॉकेलच्या रांगा, स्टोव्हच्या पिना, वाती. तुमची आई लग्न होऊन आली त्याच्या थोडं आधी बहात्तरचा दुष्काळ होऊन गेला होता. रेशनवर आलेल्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी खाल्लेली ती पिढी. दाणे-गूळ घेताना वजनाच्या काट्याकडे टक लावून बघायची सवय या बायकांना उगाच लागली नाही.

आणि मंडई शेवटीच का असायची, हे कधी मनात आलं होतं का? तुम्हाला तो करमणुकीचा शेवटचा भाग वाटत असणार. भाजी जड असते, म्हणून ती आधी घेऊन फिरत नाहीत. शिवाय दिवेलागणीनंतर पालेभाजी उतरत्या भावाने मिळते, कारण ती उद्यावर ठेवता येत नाही. तुमचा तो ओल्या पालेभाजीचा सुंदर वास म्हणजे तुमच्या आईचा हिशोब होता.

मधल्या थांब्यांचंही तसंच. ब्लाउजपीसला अस्तर जुळवायचं तर चार मॅचिंग सेंटर पालथी घालायची, कारण ट्यूबलाइटखाली जमलेला रंग दाराशी नेला की वेगळा दिसतो. जूनमध्ये अप्पा बळवंत चौकात जुनी पुस्तकं शोधायची, पानं फाटलेली नाहीत ना हे एकेक उलटून बघायचं. तुळशीबागेत एखादं पातेलं हातात घेऊन भाव विचारायचा आणि परत ठेवायचं. घ्यायचं नसतंच ते. दारावर येणारी बोहारीण जरीच्या दोन साड्यांवर तेच पातेलं देऊ करत असते आणि तिच्याशी भांडायला बाजारभाव माहीत हवा. हे सगळं चालू असताना एका हाताला तुम्ही लोंबकळत आहात आणि तुम्हाला रिबीन हवी आहे.

कावरेंकडे तुमच्या हातात कप होता. आईच्या हातात काय होतं? आठवून बघा. तिनेही कधी स्वतःसाठी घेतलं का? घेतलंही असेल, कदाचित आवडीने. पण तुमच्या एवढ्या लांब पत्रात, त्या आठवणीत तिचा फक्त हात आहे.

तुम्हाला अपराधी वाटावं म्हणून मी हे लिहीत नाहीये. लहान मुलाला बाजार असाच दिसायला हवा. तो तसा दिसला हे आईचं यश आहे. पैशांची ओढाताण तिने तुमच्यापर्यंत येऊ दिली नाही. आता तुम्ही तिला म्हणताय, चल, तिथली मजा पुन्हा अनुभवू. मजा तुमची होती, तिची कामाची पाळी होती. ती ‘नको’ म्हणाली तर त्यात नवल काय?

मी या गोष्टीकडे जरा वेगळ्या जागेवरून बघते, तेही सांगते. माझ्या वडिलांचं सातारा जिल्ह्यातल्या एका छोट्या गावात कटलरीचं दुकान होतं. बांगड्या, टिकल्या, पिना, आरसे, कुंकवाच्या डब्या. माझं लहानपण गल्ल्याच्या आतल्या बाजूला गेलं. वडील माल भरायला पुण्यालाच यायचे, रविवार पेठेत, बोहरी आळीत. सुट्टीत मीही यायचे. आमच्या पुण्यात आइस्क्रीम क्वचित असायचं. खोकी, सुतळी, हमाल, एसटीच्या टपावर चढवलेला माल आणि ‘काचेचा माल आहे, जपून’ हे वडिलांचं ओरडणं, एवढंच माझं पुणे. तुमच्या तुळशीबागेपासून पायी काही मिनिटांवर.

दुकानात उभं राहून एक गोष्ट शिकले. पोर वस्तूकडे बघतं, आई किमतीकडे बघते आणि दुकानदार आईकडे बघतो. आईच्या चेहऱ्यावरून वडील ओळखायचे की दुसरा, स्वस्तातला डबा काढायचा की नाही. आणि तो काढताना म्हणायचे, ‘हा रंग तिला जास्त खुलेल.’ तुमच्या बांगडीवाल्यानेही तुमच्या आईसाठी हे कधीतरी केलं असेल. तुम्हाला कळलं नसणार. तुम्हाला दुसरा रंग मिळाला आणि तुम्ही खूश झालात.

आता आईचं दुसरं वाक्य, आर्यन थिएटरचं. यात माझा जीव जास्त अडकला.

आर्यन हे पुण्यातलं अगदी सुरुवातीचं चित्रपटगृह, मंडईजवळ, १९१५ सालचं. ते ऐंशीच्या दशकात पाडलं गेलं. त्या जागी आज वाहनतळ आहे आणि लोक आजही त्याला ‘आर्यन’च म्हणतात. शेजारच्या मिनर्व्हा थिएटरचंही तेच झालं. तुम्ही त्या दिवशी चारचाकी घेऊन गेला असाल तर या दोनपैकी एका ठिकाणीच गाडी लावली असण्याची शक्यता बरीच आहे. म्हणजे ज्या जमिनीवर तुम्ही गाडी लावून स्वतःच्या गेलेल्या बालपणासाठी रडायला निघालात, ती तुमच्या आईच्या गेलेल्या तरुणपणाची जागा होती. तुम्ही जेव्हा कप हातात घेऊन खूश होता, तेव्हा ‘पहिल्यासारखं काही राहिलं नाही’ असं तिच्या मनात येऊन गेलं असणार. ती बोलली नाही, कारण हातात पिशव्या होत्या.

मानसशास्त्राचे अभ्यासक सांगतात की उतारवयात माणसाला सर्वांत दाट आठवणी असतात त्या साधारण दहाव्या वर्षापासून तिशीपर्यंतच्या. तुमची आई पंच्याहत्तरीची, म्हणजे तिचा हा काळ साठ आणि सत्तरच्या दशकांतला. तुम्ही तिला जिथे नेऊ पाहताय तो ऐंशीच्या दशकातला बाजार तिच्यासाठी संसाराचा बाजार आहे. तिचा स्वतःचा बाजार त्याआधीचा. तिथे ती कुणाची तरी मुलगी होती, मैत्रीण होती. आर्यनला कुणाबरोबर जायची, बाल्कनीत की खाली, घरी सांगून की न सांगता, हे तुम्हाला माहीत आहे का? मला वाटतं नाही, कारण असतं तर पत्रात आलं असतं.

तेव्हा माझा पहिला सल्ला: आईला कुठेही नेऊ नका. घरीच, दुपारी, गवार मोडताना किंवा कोथिंबीर निवडताना (हातात काम असलं की आया जास्त बोलतात) तिला आर्यनबद्दल विचारा. ‘तुझ्या लहानपणीची मंडई कशी होती’ असला निबंधाचा विषय देऊ नका. नेमकं विचारा. तिकीट किती होतं? मध्यंतरात काय खायचात? तिचं माहेर पुण्यातलं असेल तर १२ जुलै १९६१ बद्दल विचारा. पानशेतचं धरण फुटलं तेव्हा ती दहा-अकरा वर्षांची असेल. नदीकाठच्या पेठांमधली घरंच्या घरं वाहून गेली, संसार नव्याने उभे करावे लागले. त्यांच्या किंवा नात्यातल्या कुणाच्या घरात नंतर भांडीकुंडी कुठून आली, कोणी दिली, कोणती विकत घेतली, हे विचारा. तुळशीबागेतल्या भांड्यांच्या दुकानांकडे तुम्ही वेगळ्या नजरेने बघाल. आणि ती बोलायला लागली की मध्येच ‘हो, मलापण आठवतं’ म्हणू नका. तुम्हाला आठवत नाही, तुम्ही नव्हता.

तिच्या नकाराचं आणखी एक कारण मला दिसतं. बोलून दाखवायला अवघड आहे, म्हणून ती पिशव्यांवर बोलली असेल. वाडा पाडून झालाय असं तुम्ही एका ओळीत लिहिलंत. बाणेरहून तुम्ही बाजारात जाता. तुमच्या आईला मात्र बाजारात जायचं तर स्वतःच्या घरावरून जावं लागतं. आता तिथे हिरव्या जाळ्या, पत्रे आणि खड्डा आहे. नवरा गेला, मग घर गेलं, दोन्ही काही वर्षांच्या आत. तुम्हाला मोबाइलची कव्हरं बघून एवढं भरून आलं, तर तिला ती जाळी बघून काय होईल? मला तर असंही वाटतं की तुमचं रडूही सगळं बांगड्यांसाठी नव्हतं. बाबा आणि वाडा गेल्यावर ‘हे माझं’ म्हणावं असं जुनं जे काही जागेवर उरलं होतं, तो हा बाजारच होता. त्यातलं एक दुकान हललं आणि बांध फुटला. हे तुम्ही एकदा आईशी बोला. बाजाराबद्दल नको, वाड्याबद्दल.

बाजार हलतो याचा राग मात्र मला फारसा येत नाही, हे कबूल करते. दुकानदाराची मुलगी आहे. माल खपेनासा झाला की बदलावा लागतो. तुळशीबागेतलं राममंदिर नारो अप्पाजी खिरे यांनी बांधायला घेतलं ते १७६१ साली, पानिपत झालं त्याच वर्षी. आधी तिथे तुळशीची बाग होती. मंदिराभोवती आधी पूजेची उपकरणी, तांब्यापितळेची भांडी आली, मग बांगड्या-रिबिनी, मग खोटे दागिने, आता कव्हरं. तुळस तर कधीच गेली. मंडईचं तेच. १८८६ साली गव्हर्नर रे साहेबांच्या नावाने ती दगडी, मनोऱ्याची इमारत उघडली, त्याआधी भाजीबाजार शनिवारवाड्यासमोर उघड्यावर भरायचा. नगरपालिकेत असताना जोतीराव फुल्यांनी या इमारतीवर एवढा खर्च करायला विरोध केला होता. तो पैसा शिक्षणाला लावा, असं त्यांचं म्हणणं. पुढे त्याच इमारतीला महात्मा फुले मंडई हे नाव मिळालं. पुणेकर असे गंभीर विनोद करतात आणि हसत नाहीत. घाऊक बाजार तिथून गुलटेकडीला मार्केट यार्डात गेला, तेव्हाही ‘मंडई संपली’ म्हणणारे होते. तुमच्या आईसाठी ती आर्यनबरोबर संपली. तुमच्यासाठी परवा संपली.

आणि कव्हरवाल्याबद्दल एक प्रश्न. तो मुलगा कोण, हे विचारलंत का? पेठेतले गाळे सहजासहजी हातचे जात नाहीत. जुन्या भाड्याचा गाळा लोक पिढ्यान्‌पिढ्या धरून ठेवतात. धंदा बदलतो, माणसं तीच असतात. तो तुमच्या बांगडीवाल्याचा नातू असू शकतो. कदाचित नसेलही. पण तुम्ही फोटो काढलेत, विचारलं नाहीत. आमच्या दुकानातही अशी माणसं यायची, मुंबईला स्थायिक झालेली. ‘अगदी तस्संच आहे हो दुकान!’ म्हणायची, सगळ्याला हात लावायची, जुन्या आठवणी सांगायची आणि काही न घेता जायची. वडील सगळं हसून ऐकून घ्यायचे. त्यांच्या पाठीमागे एवढंच म्हणायचे, ‘भोवनी नाही झाली अजून.’

म्हणून तुमच्यासाठी सल्ला: परत जा, एकट्या. सुट्टीचा दिवस नको, आठवड्यातल्या मधल्या दिवशी सकाळी. आणि काहीतरी लागतंय म्हणून जा. किसणी मोडली आहे, देवघरातल्या निरांजनाला जोड हवी आहे, बहिणीच्या डोहाळजेवणाला हिरव्या बांगड्या हव्यात, काहीही. यादी घेऊन गेलेल्या बाईला बाजार बरोबर भेटतो. दुकानदार तिच्याशी बोलतो, दुसरं दुकान दाखवतो, ‘ते आता मिळत नाही, पण हे घेऊन बघा’ म्हणतो. मोबाइल पुढे धरून फिरणाऱ्या माणसाला तो फक्त बाजूला व्हायला सांगतो. पथारीवाल्यांकडून घ्याल तेव्हा भाव जरूर करा. तुळशीबागेत भाव न करणं म्हणजे त्यांचाही अपमान. पण शेवटच्या दहा रुपयांसाठी ताणू नका. बाणेरच्या मॉलमध्ये छापील किमतीपुढे आपण सगळे गुपचूप मान तुकवतो, मग इथेच आईच्या काळातली घासाघीस कशाला आठवायची? तिला ते दहा रुपये लागत होते. तुम्हाला लागत नाहीत.

गाडी नेऊ नका. सप्टेंबर २०२४ पासून भुयारी मेट्रो मंडईपर्यंत जाते. बाणेरहून शिवाजीनगरपर्यंत या, तिथून तिसरं स्थानक. आणि गर्दीच्या धक्क्यांशिवाय लक्ष्मी रोड बघायचा असेल तर ११ डिसेंबर लक्षात ठेवा. गेली काही वर्षं महापालिका त्या दिवशी पादचारी दिन पाळते आणि नगरकर तालीम चौक ते गरुड गणपती चौक हा भाग वाहनांना बंद ठेवते. रस्त्याच्या मधून चालता येतं. पुण्यात हे सुख वर्षातून एकदाच मिळतं. कधी आईच आपणहून म्हणाली की ‘चला, बघू तरी’, तर हा दिवस बरा. तेव्हाही तिच्या हातात काही देऊ नका, यादी तुमची नको आणि रस्ता वाड्यावरून नको. नाहीच म्हणाली, तर विषय संपला. वाढदिवसाला तिला काय हवंय ते तिलाच विचारा. पंच्याहत्तर वर्षांत तिला हा प्रश्न किती वेळा विचारला गेलाय, कोण जाणे.

आता लेक. ती म्हणाली, सगळं ऑनलाइन मिळतं. खरं आहे, मिळतं. त्यावर वाद घालू नका, हराल. पण एक बघा: तुळशीबागेत आज गर्दी कुणाची असते? तिच्यापेक्षा दोन-चार वर्षांनी मोठ्या मुलींची. कानातले, क्लिपा, नेलपॉलिश, गॅदरिंगसाठी झुमके. बाजार तिच्याच वयाच्या मुलींवर चाललाय, तिला तो मुद्दाम दाखवायची गरजच नाही. तिला कंटाळा आला तो तुमच्या सहलीचा. प्रत्येक वळणावर ‘इथे ना पूर्वी…’ ऐकत चालणं चौदाव्या वर्षी कुणाला आवडेल? तुमच्या आईने तुम्हाला तुळशीबागेचा इतिहास सांगितला होता का? तिने तुमचा हात धरला होता आणि ती स्वतःच्या कामात होती. म्हणून तर तुमच्या डोळ्यांना हवं ते बघायला वेळ मिळाला.

तिला पाचशे रुपये द्या. बरोबर एखादी मैत्रीण. एखादं खरं काम सांगा, शाळेच्या नाटकासाठी नथ, मावशीच्या लग्नासाठी गजऱ्याच्या पिना, जे असेल ते. तुम्ही श्रीकृष्ण भुवनात मिसळ खात बसा आणि तासाभराने भेटायचं ठरवा. मोबाइल असू दे तिच्याकडे, ती त्यावर किमती ताडून बघेल आणि दुकानदाराशी त्यावरून हुज्जत घालेल. तुमच्या आईची पातेल्याची युक्ती तीच होती. परत आल्यावर तिने काय आणलं ते बघा. ‘आमच्या वेळी’ म्हणू नका, ‘फसवलं तुला’ तर अजिबात म्हणू नका. फसली असेल तर पुढच्या वेळी फसणार नाही. तिला तुमची तुळशीबाग देता येणार नाही. तिची ती करून घेईल, किंवा नाही करून घेणार. कदाचित तिच्यासाठी तो बाणेरचा कुठलासा चहाचा ठेला असेल आणि पंचवीस वर्षांनी तो गेला म्हणून ती रडेल. तेव्हा तिथे उभं राहून तिला ‘तू भूतकाळात राहतेस’ म्हणू नका, एवढं मात्र पाळा.

यावरून यजमान आठवले. भूतकाळात राहते म्हणजे नक्की काय? तुम्ही नोकरी, घर, आई, लेक सांभाळून एका संध्याकाळी बाजारात जाऊन रडलात. एवढ्याने माणूस भूतकाळात राहायला जात नाही. त्यांना विचारा, त्यांच्या गावातलं एखादं दुकान सांगा. प्रत्येकाकडे एक असतंच, पतंगाचं, सायकलच्या पंक्चरचं, गोट्यांच्या बरणीचं. ते सांगायला लागले तर ऐकून घ्या. नाही सांगितलं तर त्यांनी परत तुम्हाला बोलायचं नाही.

लेकीला पाठवताना एक सूचना राहिली. पाचशेतले थोडे पैसे मेट्रोच्या परतीच्या तिकिटासाठी वेगळे ठेवायला सांगा. तुळशीबागेत ते आधी उडतात.